शिंगें आणि खूर

बाजारांत बैल पारखतांना आपला शेतकरी प्रथम त्याचा जबडा उघडून दांत पाहतो; मग दोन पावलें मागें सरून शिंगांची ठेवण न्याहाळतो; आणि शेवटीं त्यास थोडें चालवून खुरांवर नजर टाकतो. ही परीक्षा पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाची आहे व ती योग्यही आहे. परंतु तोच बैल एकदां गोठ्यांत बांधला कीं, वैरणीची, पेंडीची व खांद्याची काळजी वाहणारा मालक शिंगें व खूर यांकडे पोळ्यापर्यंत सहसा पाहत नाहीं. हे अवयव निर्जीव आहेत, ते लाकडासारखे तासले, ठोकले वा रंगविले तरी जनावरास त्याचें कांहीं नाहीं, अशी आपली समजूत असते. ही समजूत अर्धी खरी आहे. आणि या अर्ध्या खऱ्या समजुतीपायींच पुष्कळ चांगले बैल हातचे जातात. तें कसें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

शिरूर तालुक्यांतील मांडवगण फराटा हें भीमेच्या कांठचें गांव. नदीपलीकडे दौंड तालुका लागतो. बागाइताचा, उसाचा आणि अलीकडे संकरित दुभत्या गाईंचा हा पट्टा आहे. येथें दोन निरनिराळ्या तऱ्हेचीं जनावरें शेजारीं शेजारीं नांदतात. एक उसाची गाडी ओढणारा बैल. त्याचीं शिंगें लांब, आणि खूर सडकेवर झिजणारे. दुसरी सिमेंटच्या कोब्यावर दिवसभर उभी राहणारी गाय. तिचीं शिंगें लहानपणींच डागलेलीं, आणि खूर न झिजतां वाढणारे. शिंगांच्या व खुरांच्या सर्व अडचणी एकाच शिवारांत पाहावयास मिळाव्या, असें हें ठिकाण आहे.

या भागाचा गुरांशीं संबंध फार जुना आहे. याच तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें इ. स. १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. सुमारें इ. स. पूर्व १६०० ते ७०० पर्यंत तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती. त्या लोकांच्या घरांत गाईबैल, म्हशी, शेळ्या, मेंढ्या व हरणें यांचीं हाडें सांपडलीं; आणि मातीच्या पेटीवजा भांड्यांत ठेवलेल्या स्त्रीमूर्तींबरोबर मातीचा एक बैलही मिळाला. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं धातूच्या चार मूर्ति सांपडल्या. त्यांत बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा व रेडा आहेत. तीन हजार वर्षांपूर्वींचा येथील कुणबीही बैलाच्या शिंगांकडे कौतुकानेंच पाहत असला पाहिजे. जुन्या वस्तींत बैलाच्या शिंगाचें कवच बहुधा कुजून जातें व आंतील हाडाचा गाभा तेवढा उरतो. शिंग ही एक वस्तु नसून दोन वस्तु आहेत, हें मातीच आपणांस दाखविते.

शिंग म्हणजे काय?

गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या शिंगांत कपाळाच्या हाडापासून निघालेला हाडाचाच गाभा असतो व त्यावर कठीण कवच असतें. या दोहोंच्या मध्यें रक्तवाहिन्यांनीं व मज्जातंतूंनीं भरलेली नाजुक त्वचा असते, आणि तीच कवचाची वाढ करते. कवच ज्या द्रव्याचें बनलेलें असतें त्यास केराटिन म्हणतात. आपलीं नखें व केंस, पक्ष्यांचीं पिसें व चोंची आणि जनावरांचे खूर हीं सर्व याच द्रव्याचीं. तेव्हां शिंग व खूर हीं एकाच घरचीं भावंडें आहेत. नखाचें टोक कापलें तर आपणांस कळतही नाहीं; परंतु नखाखालीं कांटा शिरला तर जीव कासावीस होतो. शिंगाचें व खुराचें अगदीं तसेंच आहे.

वासराच्या शिंगाचा कोंब आरंभीं कातडींतच सैल असतो. सुमारें दोन महिन्यांनंतर तो कवटीस धरूं लागतो. पुढें सहा महिन्यांच्या सुमारास कपाळांतील हवेची पोकळी हळूहळू गाभ्यांत शिरते आणि शिंग आंतून पोकळ होतें. ही पोकळी नाकाशीं जोडलेली असते. वाचकांनीं एवढी एकच गोष्ट ध्यानांत ठेविली तरी या लेखाचें काम झालें. झुंजींत बैलाचें शिंग मुळाशीं मोडलें म्हणजे त्याच बाजूच्या नाकपुडींतून रक्त येतें, तें याच कारणानें. अशा वेळीं मोडलेल्या शिंगाच्या भोकांत तेल, चुना किंवा राख भरणें म्हणजे ती घाण थेट कपाळांत भरणें होय. जखम स्वच्छ करून तीवर जंतुनाशक औषधाची पट्टी बांधावी, माशा बसूं देऊं नयेत आणि पशुवैद्यास बोलवावें. नुसतें कवच निसटलें असेल व गाभा शाबूत असेल तर भिण्याचें कारण नसतें. नीट जपल्यास नवें कवच येतें, जरी तें पहिल्यासारखें सुंदर नसलें तरी.

रानांतील शिंगें

रानांतील जनावरांशीं तुलना केली म्हणजे आपल्या गुरांच्या शिंगांचें महत्त्व अधिक पटतें. भीमेच्या उगमाकडील भीमाशंकरच्या अरण्यांत सांबर व भेकर आढळतात. सांबर, चितळ व भेकर हीं मृगकुळांतील जनावरें. यांच्यांत शिंगें नरालाच येतात. तीं भरींव हाडाचीं असतात. वाढतांना त्यांवर मखमलीसारखी कातडी असते. आणि पुरीं वाढल्यावर तीं गळून पडून पुन्हा नवीं फुटतात. असें गळलेलें सांबरशिंग रानांत सांपडलें तरी तें घरीं आणूं नये किंवा विकूं नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याचा व्यापार बंद केला आहे.

बारामती तालुक्यांतील सुपें येथील मयूरेश्वर अभयारण्यांतील चिंकारा आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील रेहेकुरीचे काळवीट यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचें शिंग आपल्या बैलासारखेंच: आंत हाड, वर कवच, आणि जन्मभर टिकणारें. काळविटाच्या नराचीं शिंगें पिळदार असतात, मादीस तीं सहसा नसतात. चिंकाऱ्याच्या मादीस मात्र लहान व बारीक शिंगें असतात. आपल्या देशांतील चौशिंग्यास तर शिंगांच्या दोन जोड्या असतात. उलट गेंड्याच्या नाकावरील शिंगांत हाड मुळींच नसतें. तें केवळ केराटिनचें घट्ट झालेलें शिंग असतें. अमेरिकेंतील प्राँगहॉर्न नांवाचें हरणासारखें जनावर दरसाल गाभा ठेवून नुसतें कवच टाकतें. सांबराचें शिंग गेलें तर दुसरें येतें. बैलाचें शिंग मुळापासून गेलें तर तें कायमचें गेलें. सृष्टीनें त्यास तें एकदांच दिलें आहे.

आपल्याच प्रांतांतील जनावरांत केवढा फरक आहे! खिल्लार बैलाचीं शिंगें लांब, आधीं मागें जाऊन मग वर चढणारीं व टोंकदार. पंढरपुरी म्हशीचीं तर खांद्याच्याही मागें पोंचतात. नाशिक व अकोले या बाजूच्या घाटांतील डांगी बैलाचीं शिंगें आंखूड व जाड. परंतु पावसांत, चिखलांत व दगडांत काम करून त्याचे खूर काळे आणि विलक्षण टणक असतात. जेथें जें काम, तेथें तो अवयव.

शिंगाचा कर्करोग

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिला तिच्याकडे वळूं. शिंगाच्या पोकळीस आंतून जें नाजुक अस्तर असतें, त्यास कर्करोग होतो. हा रोग आपल्या देशांतील वशिंडाच्या गुरांत, विशेषतः लांब शिंगांच्या बैलांत, पुष्कळ दिसतो, म्हशींत क्वचित्. सांडापेक्षां खच्ची केलेल्या बैलांत त्याचें प्रमाण अधिक असतें, आणि तो बहुधा पांच ते दहा वर्षांच्या वयांत, म्हणजे बैल भर कामांत असतांना, गांठतो.

त्याचा आरंभ इतका क्षुल्लक असतो कीं मालकास शंकाही येत नाहीं. बैल मधूनमधून डोकें झटकतो. एकच शिंग खुंट्यास किंवा दावणीस घांसतो. मालक म्हणतो, खोड लागली. मग बैल मान एका बाजूस कलती धरूं लागतो. मालक म्हणतो, जुवाचा खांदा आला असेल. पुढें त्याच बाजूच्या नाकपुडींतून रक्तमिश्रित घाण स्राव येऊं लागतो. मालक म्हणतो, उन्हाळा बाधला. हात लावून पाहिलें तर शिंगाचें मूळ गरम लागतें. पण हात कोण लावतो? शेवटीं शिंग हलूं लागतें, एका बाजूस वांकतें, आणि एके दिवशीं गळून पडतें. आंत फुलकोबीसारखी मांसाची वाढ दिसते. तेव्हां धांवाधांव सुरू होते. परंतु तोंपर्यंत रोग कपाळांत उतरलेला असतो.

आरंभींच ओळखलें तर पशुवैद्य सुन्न करण्याचें औषध टोंचून शिंग मुळासकट काढतात, जरूर तर पुढें औषधांचीं इंजेक्शनेंही देतात, आणि पुष्कळ बैल पुन्हा कामास लागतात. एका शिंगाचा बैल दिसावयास बरा दिसत नाहीं, म्हणून कित्येक मालक शस्त्रक्रियेस तयार होत नाहींत. त्यांनीं असा विचार करावा कीं, नांगर व गाडी बैल ओढतो, त्याचें शिंग ओढीत नाहीं.

या रोगाचें एकच एक कारण ठरलेलें नाहीं. परंतु शिंगाच्या मुळाशीं होणारा रोजचा जाच, म्हणजे काचणारी दोरी, मार व खोल तासणी, यांवर जाणत्यांचा संशय आहे. तेव्हां कारण पुरें ठरेपर्यंत वाट पाहण्यापेक्षां तो जाच टाळणें शहाणपणाचें. बैलास म्होरकीनें बांधावें. शिंगांच्या मुळाशीं दावें आवळूं नये.

पोळा श्रावणी असो वा भाद्रपदी, त्या वेळीं शिंगें साळण्याची रीत आहे. सणाचा आनंद कमी करावा असें आमचें म्हणणें नाहीं. वर्षभर राबणाऱ्या जनावराचें कौतुक करण्याचा तो दिवस आहे. शेंब्या, बाशिंग, झूल, सर्व असावें. फक्त साळतांना वरचा खडबडीतपणा तेवढा काढावा. मुळाकडे हत्यार नेऊं नये. कवच पातळ झालें कीं आंतील जिवंत त्वचेस ऊन व मार थेट लागतो. भिंतींस व लोखंडास लावावयाच्या तेलकट रंगाऐवजीं गेरू बरा.

ज्या संकरित वासरांचीं शिंगें ठेवावयाचीं नाहींत, त्यांचे कोंब पहिल्या दोन महिन्यांच्या आंत, पशुवैद्याकडून जागा सुन्न करूनच डागून घ्यावे. डोळ्यापासून शिंगाकडे जाणारा मज्जातंतु तेथें असतो. सुन्न न करतां डागणें ही निव्वळ क्रूरता आहे. मोठेपणीं शिंग कापणें म्हणजे नाकापर्यंतची पोकळी उघडी टाकणें. म्हणून हें काम लहानपणींच व्हावें.

खुरांची रचना

आतां पायांकडे पाहूं. खुरांच्या जनावरांचे दोन मोठे वर्ग आहेत. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण व डुकर यांच्या पायाचा भार दोन बोटांवर पडतो, हीं समखुरी. घोडा व गाढव एकाच बोटावर चालतात, गेंडा तीन बोटांवर, हीं विषमखुरी. घोड्याच्या सुमारें साडेपांच कोटी वर्षांपूर्वींच्या लहानशा पूर्वजास पुढच्या पायास चार व मागच्या पायास तीन बोटें होतीं. मोकळ्या मैदानावर धांवतां धांवतां मधलें तेवढें राहिलें. म्हणजे घोडा आणि बैल हे दोघेही आपल्या नखांच्या टोकांवर उभे आहेत.

बैलाचा खूर म्हणजे दोन नखें. बाहेरची भिंत कठीण, आंत हाड, व त्यास भिंतीशीं जोडणारीं रक्तानें भरलेलीं नाजुक पत्रें, खालीं गादी. भिंत व तळवा जेथें मिळतात तेथें एक पांढरट रेघ दिसते. या रेघेच्या आंत जिवंत भाग आहे. भिंत महिन्यास सुमारें पांच मिलिमीटर वाढते. मातीवर चालणाऱ्या बैलाची वाढ व झीज यांचा मेळ बसतो. सडकेवर ओझें ओढणाऱ्याची झीज अधिक होते, म्हणून त्यास पत्री मारावी लागते. कोब्यावर शेणामुतांत उभ्या राहणाऱ्या गाईचा खूर मऊ पडतो, पुढें लांब वाढतो, आणि तिचा भार टांचेवर जाऊन ती लंगडूं लागते. लंगडणारी गाय गव्हाणीकडे कमी वेळां जाते, व तिचें दूध आटतें. पुष्कळ ठिकाणीं दूध कमी झालें म्हणून खुराक वाढवितात. आणि एकदम वाढविलेल्या धान्यानें पोटांत आंबट होऊन खुरांतील पत्रांस सूज येते, म्हणजे दुखणें दुप्पट होतें. गोठा कोरडा ठेवावा, वर्षांतून दोनदां जाणत्या माणसाकडून खूर छाटून घ्यावे, आणि दाराशीं उथळ हौदांत शेंकडा पांच प्रमाणाचें मोरचुदाचें पाणी ठेवून त्यांतून जनावरें चालवावीं. तें पाणी जनावरांस पिऊं देऊं नये.

पत्री मारतांना

एका बैलास आठ पत्र्या लागतात. पत्री मारण्यापूर्वीं खूर सपाट तासावा. पत्री खुरास बसवावी, खूर पत्रीस बसवूं नये. खिळा पांढऱ्या रेघेच्या बाहेर, भिंतींतून बाहेरच्या अंगास निघेल असा ठोकावा. तो आंत गेला कीं बैल त्याच दिवशीं किंवा दोन-तीन दिवसांत पाय उचलून धरतो. तेव्हां, चार दिवसांत बसेल, असें म्हणत गाडी जुंपूं नये. खिळा उपटून जखम धुवावी, आयोडीन लावावें व विश्रांति द्यावी. आंत पू झाला तर तो खुरांतून बाहेर पडावयास वाट नसल्यानें वर चढतो. बैल पाडावयाचा तो भरल्या पोटीं पाडूं नये, व मऊ जागीं पाडावा. पत्री झिजली नाहीं तरी खूर वाढतो, म्हणून ती वेळींच काढून पुन्हा बसवावी.

लाळ्या-खुरकूत

हा रोग दुभंगलेल्या खुराच्या जनावरांचा आहे. घोड्यास व गाढवास तो होत नाहीं. तोंडांत, खुरांच्या बेचक्यांत व सडांवर फोड येतात, लाळ गळते, जनावर खात नाहीं व चालत नाहीं, खुरांच्या जखमांत अळ्या पडतात. गाळपाच्या हंगामांत ऊसतोडणीसाठीं दूरदूरच्या जिल्ह्यांतून बैलगाड्या या भागांत येतात आणि नाना ठिकाणचीं गुरें एका पाणवठ्यावर जमतात. रोग पसरावयास याहून सोयीचें काय असणार? केंद्र सरकारनें २०१९ सालीं सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत गाईम्हशींस या रोगाची लस सहा सहा महिन्यांनीं टोंचण्याची योजना आहे. चार महिन्यांवरील वासरांससुद्धां ती द्यावी. बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या बैलांस वगळून आपलीं तेवढीं टोंचून घेणें व्यर्थ आहे. आजार दाव्याची मालकी पाहत नाहीं. रोग शिरलाच तर आजारी जनावर वेगळें बांधावें, आणि गोठा धुण्याच्या सोड्याच्या शेंकडा चार प्रमाणाच्या पाण्यानें धुवावा.

जनावर गेल्यावरही हे अवयव शेतकऱ्याची सेवा सोडीत नाहींत. शिंगांची व खुरांची भुकटी हें उत्तम खत आहे. तींत शेंकडा सुमारें तेरा नत्र असतें व तें सावकाश सुटत असल्यानें पिकास पुष्कळ दिवस पुरतें. परंतु जिवंत बैलाची किंमत खताच्या पोत्यानें भरून येत नाहीं.

पोक्त माणूस पोरांत मिसळला म्हणजे शिंगें मोडून वासरांत शिरला असें आपण हंसून म्हणतों. बैलास ही सोय नाहीं. त्याचीं शिंगें मोडलीं तर तो वासरूं होत नाहीं, निकामी होतो. म्हणून एवढेंच करावें: महिन्यांतून ज्या दिवशीं बैल जुंपावयाचे नसतात, मग ती अमावास्या असो कीं बाजाराचा वार, त्या दिवशीं गोठ्यांत घटकाभर बसावें. दोन्ही शिंगांच्या मुळांवर दोन्ही हात एकदम ठेवून एक बाजू दुसरीपेक्षां गरम लागते काय, तें पाहावें. दोन्ही नाकपुड्या पुसून पाहाव्या. चारही पाय उचलून आठही नखें निरखावीं. याला पैसा लागत नाहीं, औषध लागत नाहीं, हात लागतो. बैल तोंडानें सांगूं शकत नाहीं. शिंगाच्या मुळावर ठेवलेल्या हातास मात्र तो वेळेवर सांगतो.